रिव्हर्स टाकला की एकच दिवा का लागतो?

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना पाठीमागच्या भिंतीवर एकाच बाजूला पांढरा उजेड पडतो, दुसरी बाजू अंधारीच राहते. बघणारा म्हणतो, "तुमचा एक लाईट गेलाय." मग गाडी गॅरेजला जाते. तिथे कधी बल्ब बदलला जातो, कधी गिअरबॉक्सवरचा स्विच, तर कधी अख्खा टेल लॅम्प. अशा कितीतरी गाड्यांत मुळात काही बिघडलेलंच नसतं, कारण कंपनीने रिव्हर्सचा दिवा एकच दिलेला असतो. उरलेल्या गाड्यांत बिघाड खरा असतो, पण तो कुठे शोधायचा याचं अर्धं उत्तर दुसऱ्या बाजूचा चालू दिवाच देत असतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी आपली गाडी या दोन्हींपैकी कुठल्या प्रकारात बसते ते ठरवावं.

कंपनीच एक दिवा का देते

गाडीवर कुठले दिवे, किती आणि कुठे असावेत हे संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमावलीत ठरवलेलं आहे. युरोपसह अनेक देश ती पाळतात आणि आपल्याकडचं एआयएस-००८ हे मानकही त्याच धर्तीवर बेतलेलं आहे. या नियमावलीप्रमाणे प्रवासी मोटारीला रिव्हर्सचा एक दिवा सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. दिवा पांढराच हवा, जमिनीपासून किमान २५० मिलिमीटर आणि जास्तीत जास्त १२०० मिलिमीटर उंचीवर हवा, आणि इग्निशन चालू असताना रिव्हर्स गिअर पडल्यावरच लागायला हवा. तो डावीकडे असावा की उजवीकडे, यावर बंधन नाही.

मग तो एका ठराविक बाजूलाच का दिसतो? कारण दुसऱ्या बाजूची जागा मागच्या फॉग लाईटने घेतलेली असते. दाट धुक्यात मागून येणाऱ्याला आपली गाडी लांबून दिसावी म्हणून हा प्रखर लाल दिवा असतो. नेहमीच्या लाल टेल लाईटची तीव्रता ४ कँडेलापासून पुढे असली तरी नियमाला चालते. फॉग लाईटला मात्र किमान १५० आणि कमाल ३०० कँडेला अशी मर्यादा आहे. म्हणजे प्रखरतेत हा दिवा ब्रेक लाईटच्या जोडीला जाऊन बसतो. अशा दोन दिव्यांची जोडी मागच्या माणसाला ब्रेकच्या जोडीसारखी दिसू शकते, म्हणून पुष्कळ कंपन्या फॉग लाईट एकच देतात. तो ब्रेक लाईटपासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतरावर असला पाहिजे, अशीही अट आहे.

एकच फॉग लाईट दिला तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला किंवा गाडीच्या मधोमध असावा लागतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून भारतात आणि ब्रिटनमध्ये तो उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हर साईडला येतो. धुक्यात ओव्हरटेक करू पाहणाऱ्याला गाडीची मध्याकडची कड कुठे आहे हे कळणं महत्त्वाचं, म्हणून ही बाजू. फॉग लाईट उजवीकडे गेला की रिव्हर्ससाठी डावी, म्हणजे क्लीनर साईड उरते. जर्मनी किंवा फ्रान्सच्या रस्त्यांवर हीच मांडणी उलटी दिसेल.

यात कंपनीची सोयही आहे. टेल लॅम्पच्या घरात टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिफ्लेक्टर एवढं सगळं बसवायचं असतं. दोन्ही बाजूंचे टेल लॅम्प आरशातल्या प्रतिमेसारखे सारखे घडवायचे, त्यातला एक कप्पा एका बाजूला पांढऱ्या दिव्याला द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला लाल दिव्याला. बाहेरून दोन्ही एकसारखे दिसतात, जागा वाचते, एक बल्ब आणि एक होल्डरही वाचतो. डाव्या आणि उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी गाडी बनवताना फक्त या कप्प्यांची अदलाबदल करावी लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या भावाच्या गाडीला मात्र दोन्ही बाजूंना पांढरे दिवे दिसतात, म्हणून इथली गाडी अपुरी दिली अशी समजूत करून घेऊ नये. तिथे मागचा फॉग लाईट सक्तीचा नाही, त्यामुळे कप्पा मोकळा राहतो आणि तिथे दुसरा रिव्हर्सचा दिवा सहज बसतो. किमान एकाची अट तिथेही आहे.

आपल्या गाडीला किती दिवे आहेत, हे पाच मिनिटांत कळतं

सर्वांत खात्रीचा पुरावा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. शेवटच्या पानांकडे बल्बचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक दिव्यापुढे वॅट आणि पुष्कळदा नगही दिलेले असतात. ब्रेक आणि इंडिकेटरपुढे दोन आणि रिव्हर्सपुढे एक असेल, तर प्रश्न तिथेच मिटला.

पुस्तिका हाताशी नसेल तर दिवसाउजेडी दोन्ही टेल लॅम्प समोरून नीट न्याहाळा. एका बाजूला रंगहीन, पारदर्शक कप्पा आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी लाल कप्पा दिसला, तर तो लाल कप्पा फॉग लाईटचा असण्याची शक्यता मोठी. काही गाड्यांत दोन्ही कप्प्यांची काच पारदर्शकच असते आणि फॉगच्या बाजूला आत लाल टोपी किंवा लाल काचेचा बल्ब असतो. तिथे नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. म्हणून फॉग लाईट लावूनच बघा. हेडलाईट डिपरवर चालू करा, मग मागच्या फॉगचं बटण दाबा. त्या बटणावर दिव्याचं चित्र, त्यातून उजवीकडे निघालेल्या आडव्या रेषा आणि त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ असते. डॅशबोर्डवर पिवळसर खूण उजळते. समोरच्या फॉगची खूण हिरवी असते आणि तिच्या रेषा डावीकडे जातात, ती वेगळी. आता मागे जाऊन पाहा: तुम्ही ज्याला बंद पडलेला रिव्हर्सचा दिवा समजत होता तो कप्पा लाल पेटला, तर गाडी ठणठणीत आहे.

हा दिवा ओळखीचा झालाच आहे, तर तो कधी लावायचा हेही सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात त्याचा उपयोग खरा आहे. पावसाळ्यात आंबोली, माळशेज किंवा महाबळेश्वरच्या घाटात धुकं उतरलं की पुढची गाडी दिसेनाशी होते, तेव्हा हा एक लाल दिवा मागच्या ट्रकला वेळेवर सावध करतो. पण धुकं विरळ झालं की तो लगेच बंद करायचा. जर्मनीत ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच तो लावायला परवानगी आहे, ब्रिटनमध्ये साधारण १०० मीटरचा निकष सांगतात. साध्या पावसात तो चालू ठेवला तर ओल्या काचेवर त्याची तिरीप पसरते, मागच्याचे डोळे दिपतात आणि आपला ब्रेक लाईट त्या उजेडात हरवतो.

आता बिघाडाकडे वळू. पुस्तिका सांगते दोन दिवे, फॉगही तपासून झाला, तरी रिव्हर्सला एकच लागतो.

चालू दिवा काय सांगतो

साध्या मॅन्युअल गाडीत वीज कशी जाते ते पाहा. इग्निशन चालू केल्यावर ती फ्यूजमधून गिअरबॉक्सवर आटे घेऊन बसवलेल्या छोट्या स्विचकडे येते. रिव्हर्स टाकला की आतला दांडा सरकून या स्विचची गोळी दाबतो आणि वीज पुढे मागच्या बाजूला जाते. तिथे वायर फुटून दोन फाटे होतात, एक डाव्या दिव्याला, एक उजव्याला. प्रत्येक दिव्यातून ती अर्थिंगच्या वायरने बॉडीत परतते.

फ्यूज, स्विच आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही दिव्यांना सामायिक आहे. त्यातलं काहीही गेलं तर दोन्ही दिवे बंद पडले असते. एक दिवा व्यवस्थित लागतोय, याचा अर्थ हा सगळा भाग शाबूत आहे. शोध फक्त फाट्यापासून पुढे घ्यायचा: बल्ब, होल्डर, त्या बाजूची वायर, कपलर (वायरी जोडायचा प्लग) आणि अर्थिंग. म्हणून "एकच रिव्हर्स लाईट लागतो" या तक्रारीवर कुणी गिअरबॉक्सचा स्विच बदलायला सांगितलं, तर अशा गाडीत तो खर्च करू नका.

याला अपवाद अशा गाड्यांचा, ज्यांत दिव्यांचा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूल या छोट्या संगणकाकडे असतो. ऑटोमॅटिक आणि बऱ्याच नव्या गाड्यांत गिअरची खबर आधी या मॉड्यूलला जाते आणि ते दिव्यांना वीज सोडतं. काही गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला मॉड्यूलमधून वेगवेगळी वायर निघते. शॉर्ट सर्किट झालं की ते त्या बाजूचा पुरवठा तोडून ठेवतं आणि दोष दूर केल्यावरही स्कॅनर लावून नोंद पुसेपर्यंत दिवा लागत नाही, असंही काही मॉडेलमध्ये होतं. तरीही पहिली तपासणी बल्बचीच.

बल्ब काढून हातात घ्या

गाडी सपाट जागी लावा आणि हँडब्रेक ओढा. इंजिन बंद, इग्निशन चालू, रिव्हर्स गिअर टाकलेला, अशी अवस्था हवी. बटण स्टार्टची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण एकदा, काही गाड्यांत दोनदा दाबलं की इंजिन सुरू न होता इग्निशन लागतं. ऑटोमॅटिकमध्ये त्यानंतर ब्रेक दाबून लिव्हर रिव्हर्सवर आणा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. इलेक्ट्रिक गाडीत डॅशबोर्डवर गाडी चालायला तयार असल्याची खूण उमटली असेल, तर इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाफील राहू नका, ती हलू शकते. कुणालाही गाडीच्या थेट मागे उभं करायचं नाही.

टेल लॅम्प बहुतेक गाड्यांत डिकी उघडल्यावर दिसणाऱ्या दोन स्क्रूंनी किंवा ८ अथवा १० नंबरच्या बोल्टनी धरलेला असतो आणि बाहेरच्या कडेला प्लास्टिकच्या खुंट्या बॉडीतल्या खाचांत रुतलेल्या असतात. बोल्ट काढल्यावर लॅम्प सरळ मागे ओढायचा. स्क्रू ड्रायव्हरने कडेतून उचकटला की खुंटी तुटते, रंगही जातो. काही गाड्यांत डिकीच्या आतल्या अस्तरात छोटं झाकण असतं, तिथून हात घालून होल्डर काढता येतो. होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवला की सुटतो.

आत बहुधा तीनपैकी एक बल्ब असतो. पितळी बुडाचा २१ वॅटचा पी२१डब्ल्यू, काचेच्याच चपट्या बुडाचा १६ वॅटचा डब्ल्यू१६डब्ल्यू किंवा त्याच वळणाचा मोठा डब्ल्यू२१डब्ल्यू. पितळी बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवायचा, चपट्या बुडाचा सरळ ओढायचा.

बल्ब उजेडात धरून बघा. तार तुटून लोंबत असेल तर प्रश्न मिटला. काचेला आतून काळपट-चंदेरी झाक आली असेल, तर टंगस्टन झिजून काचेवर बसलंय आणि बल्बचं आयुष्य संपत आलंय. काच आतून दुधासारखी पांढरी झाली असेल, तर काचेला तडा जाऊन आत हवा शिरली आणि तार जळाली. कधी तार अखंड दिसते, पण बुडातला सांधा सुटलेला असतो. म्हणून मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) बीपवर ठेवून बुडाचा मधला ठिपका आणि पितळी अंग यांना टोकं लावा. चांगला बल्ब थंड असताना जेमतेम एखादा ओहम दाखवतो आणि मीटर वाजतो.

मीटर नसेल तर याहून सोपी युक्ती आहे. चालू बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावा. तो तिथे लागला तर जुना बल्ब गेलाय. तिथेही लागला नाही तर बल्बचा दोष नाही, पुढे चला.

नवा बल्ब घेताना जुना दुकानात न्या. पी२१डब्ल्यूच्या बुडावरच्या दोन खुंट्या समान उंचीवर आणि बरोबर समोरासमोर असतात. ब्रेक आणि टेल यांचा एकत्रित पी२१/५डब्ल्यू दिसायला भाऊच, पण त्यात दोन तारा, बुडाला दोन ठिपके आणि खुंट्या वरखाली असतात. नारिंगी पीवाय२१डब्ल्यूच्या खुंट्या समोरासमोर नसून वाकड्या कोनात असतात. चुकीचा बल्ब चुकीच्या जागी बसू नये म्हणूनच हे फरक ठेवले आहेत. बसत नाही म्हणून जोर लावला तर होल्डर जातो. साधा बल्ब बहुधा शंभर रुपयांच्या आत मिळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकदमच नवे टाकणं बरं. दोन्ही सारखेच तास जळलेले असतात.

हिरवा थर आणि वितळलेलं प्लास्टिक

बल्ब चांगला निघाला की होल्डरमध्ये टॉर्च मारून पाहा. पितळी पत्तीवर हिरवट-पांढरी पूड बसलेली असेल, ठिपका जिथे टेकतो तिथे काळा खळगा पडला असेल, शेजारचं प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित खचलं असेल, तर बिघाड सापडला. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या दमट हवेत हे फार लवकर होतं.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. गंजलेल्या ठिपक्यावर एका ओहमचा अडथळा तयार झाला तर त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत जवळपास अडीच वॅट उष्णता निघते. पत्ती तापते, तिचा ताण जातो, संपर्क आणखी सैल होतो, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. प्लास्टिक वितळतं ते असं. म्हणून नुसता बल्ब बदलून दिवा लागला तरी हिरवा थर तसाच ठेवू नये, काही आठवड्यांत तक्रार परत येते.

थर हलका असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी करून पत्ती घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, बारीक पक्कडीने पत्ती थोडी वर उचला. बल्बच्या बुडाला अगदी किंचित व्हॅसलीन लावा, म्हणजे हवेतला ओलावा लागणार नाही. प्लास्टिक खचलं असेल तर होल्डर बदलायचाच. वितळलेल्या होल्डरला एम-सीलने तग धरायला लावू नका.

दिवा मंद लागतो किंवा भलताच लागतो: अर्थिंग बघा

अर्थिंगचा दोष फसवा असतो. दिवा पूर्ण बंद न होता मिणमिणतो. रिव्हर्स टाकल्यावर टेल लाईटही हलका उजळतो, इंडिकेटर दिला की रिव्हर्सचा दिवा त्याच्या तालावर फडफडतो. विजेला बॉडीत परतायचा स्वतःचा रस्ता मिळाला नाही, की ती शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढते. एकाच होल्डर-पट्टीवरच्या सगळ्या बल्बना अर्थिंग एकच असते, म्हणून हा गोंधळ.

तपासायला मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बल्ब होल्डरमध्ये असू द्या आणि रिव्हर्स टाकलेला. लाल टोक होल्डरच्या वीज येणाऱ्या टोकाला, काळं टोक बॉडीच्या उघड्या धातूला. इथे बॅटरीइतके, म्हणजे १२ च्या आसपास व्होल्ट आले तर वीज पोहोचतेय. आता लाल टोक होल्डरच्या अर्थिंगच्या पत्तीवर ठेवा, काळं तसंच बॉडीवर. इथे जवळपास शून्य हवं. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट अर्थिंग खातेय. बल्बला १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळाले तर प्रकाश पाव भागाने कमी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात तो निम्म्याच्याही खाली येतो, कारण तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतिसऱ्या घाताने बदलतो.

अर्थिंगची वायर जपानी वळणाच्या गाड्यांत बहुधा काळी, युरोपीय गाड्यांत बहुधा तपकिरी असते. तिच्या मागे मागे जा. डिकीच्या अस्तराआड, टेल लॅम्पजवळ ती गोल टर्मिनल घेऊन बॉडीला बोल्टने आवळलेली सापडेल. बोल्ट काढा, टर्मिनल आणि खालची बॉडी चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. आधी ग्रीस आणि मग आवळणं, असं उलटं करू नका. अपघातानंतर मागचा पत्रा रंगवलेल्या गाडीत ही जागा आवर्जून पाहावी, रंगावरच टर्मिनल आवळलेलं असतं.

वायर कुठे तुटते

होल्डरला वीजच येत नसेल तर तुटलेली वायर बहुतेक वेळा दोनपैकी एका ठिकाणी सापडते.

पहिली जागा डिकीच्या दरवाजाची. हॅचबॅक आणि एसयूव्हीत रिव्हर्सचा दिवा अनेकदा दरवाजावरच असतो. बॉडीतून दरवाजात जाणाऱ्या वायरी बिजागरापाशी एका काळ्या, घड्या असलेल्या रबरी नळीतून जातात. डिकी उघडली की त्या ताणल्या जातात, बंद केली की मुडपतात, रोज चार-पाच वेळा, वर्षानुवर्षं. आतलं तांबं एकेक धागा तुटत जातं. बाहेरचं आवरण कधी धड राहतं, त्यामुळे वायर शाबूत दिसते, पण बोटांत धरून हलकी ओढली की रबरासारखी लांबते. आत तांबं उरलेलं नसतं. डिकी वरखाली करताना दिवा लागतो-विझतो, सोबत मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा किंवा काचेचा डिफॉगरही कधीमधी दगा देतो, ही याची पक्की खूण.

इथे मीटर चकवतो. वायरचा एकच धागा शिल्लक असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. बल्ब लावला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून २१ वॅटच्याच जुन्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प बनवा आणि कपलरच्या टोकांवर लावून पाहा. तो भगभगीत लागला तरच वायर चांगली. मात्र हा टेस्ट लॅम्प फक्त दिव्याच्या वायरींवर वापरायचा. एअरबॅग, सेन्सर किंवा मॉड्यूलच्या बारीक वायरींना तो लावला तर मोठं नुकसान होतं.

दुरुस्ती करताना रबरी नळीचं एक टोक खाचेतून काढून मागे सरकवा. तुटलेली टोकं पिळून टेप गुंडाळणं हा उपाय नाही, त्याच जागी वळण बसतं आणि महिन्याभरात पुन्हा तुटतं. खराब तुकडा कापून तितक्याच जाडीची मऊ, बहुतारी वायर १५-२० सेंटिमीटर घाला. दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या भागात आणा, सगळे जोड एकाच रेषेत ठेवू नका, नाहीतर गाठ होते. सोल्डर किंवा चांगला क्रिम्प (दाबून बसवलेला जोड), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). थोडी ढील ठेवा. एक वायर तुटली म्हणजे शेजारच्याही थकलेल्या असतात, नळी उघडलीच आहे तर सगळ्या वायरी वाकवून पाहा.

दुसरी जागा म्हणजे रिव्हर्स कॅमेऱ्याचा जोड. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, पण कॅमेरा बरेच जण नंतर दुकानातून बसवतात. त्याची वीज रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरमधूनच घेतली जाते. ती घेताना वायर ब्लेडने सोलून कॅमेऱ्याची तार गुंडाळतात किंवा दाबून बसवायची प्लास्टिकची क्लिप लावतात. क्लिपची धारदार पत्ती काही धागे कापते, तिथे ओलावा शिरतो, तांबं हिरवं पडतं आणि त्याच बाजूचा दिवा जातो. कॅमेरा चालूच राहतो, कारण त्याला करंट फार कमी लागतो, म्हणून संशय तिकडे जात नाही. कॅमेरा बसवल्यानंतर सहा महिने-वर्षात एका बाजूचा दिवा गेला असेल, तर सर्वांत आधी हा जोड उघडा.

एलईडी टाकल्यावर येणारी दुखणी

चपट्या बुडाचा एलईडी लागला नाही तर तो काढून १८० अंशांत फिरवून परत लावा. साध्या बल्बला उलटसुलट नसतं, पुष्कळशा एलईडींना असतं. तो लागत असूनही डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येत असेल, तर मॉड्यूलला २१ वॅटच्या जागी दोन-तीन वॅटचाच भार दिसतोय. त्यावर विकले जाणारे रेझिस्टर २० वॅटच्या वर उष्णता ओकतात. ते प्लास्टिकवर किंवा वायरींच्या जुडग्यावर चिकटवू नका, पत्र्यालाच स्क्रूने आवळावे लागतात. तार असलेल्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा प्रकाश नीट पसरतही नाही, समोर डोळे दिपतात आणि जमीन काळोखी राहते. मागे घेताना उजेड हवा असतो तो जमिनीवर.

कंपनीचाच एलईडी टेल लॅम्प असेल तर बहुधा बल्ब वेगळा मिळत नाही, अख्खा लॅम्प बदलावा लागतो आणि तो खर्च काही हजारांत जातो. म्हणून तिथे लॅम्पला दोष देण्याआधी कपलरवर वीज आणि अर्थिंग दोन्ही येतात का, हे तपासून घेणं फार गरजेचं.

दुसरा दिवा घालायचाच असेल तर

काळोख्या गल्लीत एका दिव्याचा उजेड अपुरा पडतो, ही अडचण खरी आहे. कंपनीने एकच दिलेला असला तरी नियम दुसऱ्याला आडकाठी करत नाही. पण फॉगच्या कप्प्यात पांढरा बल्ब घालून त्याला रिव्हर्सची वायर जोडणं चुकीचं आहे. काच लाल असेल तर मागे घेताना लाल प्रखर दिवा लागतो आणि मागच्याला तो ब्रेक वाटतो. काच पारदर्शक असली तरी धुक्यातला दिवा कायमचा गमावला जातो.

बंपरखाली वेगळा दिवा लावा. तो पांढरा, २५० मिलिमीटरच्या वर, प्रकाशझोत खाली झुकवलेला असावा. एकूण रिव्हर्सचे दिवे दोनच, त्यामुळे एलईडीच्या लांब पट्ट्या लावू नका. आणखी एका २१ वॅटच्या बल्बने एकूण करंट साडेतीन अँपिअरच्या आसपास जातो. फ्यूज १० अँपिअरचा असला तरी त्यावर आणखी काय चाललंय ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर पाहा, आणि गिअरबॉक्सच्या स्विचवर भार नको असेल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. मॉड्यूलवर चालणाऱ्या गाडीत दिव्याची मूळ वायर कापून जोड देऊ नका, रिलेच्या कॉइलपुरतीच खूण तिथून घ्या आणि मुख्य वीज बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून आणा.

काम कुठलंही असो, टेल लॅम्प परत बसवताना त्यामागची फोमची किंवा रबराची गॅस्केट जागेवर सपाट बसली आहे का, ते बोट फिरवून पाहा. धुतल्यावर काचेच्या आत हलकी वाफ धरली आणि दिवसाभरात गेली तर चालेल. तळाशी पाणी साचत असेल तर गॅस्केट बदला. पण सिलिकॉन लावताना खालचं हवा-पाणी जायचं छोटं भोक बुजवू नका, आत शिरलेलं पाणी तिथूनच निघून जातं.